देव्हाऱ्यामागची पाकिटे

२००१ सालच्या ऑक्टोबरमधल्या दुसऱ्या शुक्रवारी हे दुपारी एक वाजताच घरी आले. हातात पुठ्ठ्याचे खोके, त्यात कॉफीचा मग, दोन पुस्तके आणि आमच्या मुलाचा फ्रेममधला फोटो. सनीव्हेलमध्ये त्या दिवसांत असे खोके घेऊन भर दुपारी कोणी घरी आले की शेजारपाजारचे लोक काही विचारत नसत, सगळ्यांना कळत असे. आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये नॅस्डॅक पाच हजारांच्या वर गेला होता, आणि पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत तो बाराशेच्याही खाली यायचा होता. आम्ही त्या उताराच्या मध्यावर कुठेतरी होतो, पण मध्य कुठे ते उतरताना थोडेच समजते!

आमच्या घरी महिन्यातून एकदा सात-आठ कुटुंबे जमतात. आधी स्तोत्र, मग चहा, आणि मग आरोग्य किंवा पैसा यांपैकी एखाद्या विषयावर अभ्यास. मागच्या बैठकीत एका तरुण मुलीने विचारले, "काकू, ह्यांचा जॉब गेलाय. सासूबाई म्हणतात, देव बघून घेईल. तुम्ही तर रोज पूजा करता. तुम्हाला काय वाटतं, खरंच बघतो का तो?" प्रश्न सरळ होता, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होते. त्या दिवशी मी जे बोलले आणि जे बोलायचे राहून गेले, ते दोन्ही इथे लिहिते आहे.

आधी आमची गोष्ट पुरी करते. नोकरी गेली तेव्हा आमच्या ग्रीन कार्डाचे अर्ज दाखल होऊन वर्ष उलटले होते, त्यामुळे देश सोडावा लागेल ही भीती नव्हती. आमच्या ओळखीच्या दोन कुटुंबांना तेवढाही आधार नव्हता, ती परत गेली. आमच्याकडे बँकेत दोन महिन्यांच्या खर्चापुरते पैसे होते. बाकीची सगळी बचत ह्यांच्या कंपनीच्याच शेअर्समध्ये. म्हणजे पगार ज्या नावेत, बचतही त्याच नावेत. हा शहाणपणा आम्ही दोघांनी मिळून केला होता, त्यामुळे एकमेकांना बोल लावायची सोय नव्हती.

साताऱ्याहून सासूबाईंचा दर रविवारी फोन यायचा. "ज्यानं चोच दिली तोच चारा देईल, काळजी करू नका," एवढे बोलून त्या फोन ठेवायच्या, कारण मिनिटाला पैसे पडायचे. त्यांच्या तोंडी ते वाक्य शोभायचे. त्यांनी चार मुले एका मास्तरांच्या पगारात वाढवली होती, आणि चारा मिळावा म्हणून स्वतः शिवणाचे मशीन चालवले होते. पण तेच वाक्य आमच्या घरात आले आणि त्याचा अर्थ बदलला. हे सकाळी पूजा करत, संध्याकाळी पोथी वाचत, आणि पोस्टातून आलेले प्रत्येक पाकीट न फोडता देव्हाऱ्याच्या मागे सरकवून ठेवत. "त्याच्या पायाशी ठेवलंय," म्हणत. मलाही ते बरे वाटे. फोडले नाही की आकडा दिसत नाही.

त्या पाकिटांत एक कोब्राचे होते. नव्या मंडळींसाठी सांगते, हा साप नव्हे. १९८५ सालच्या एका कायद्याच्या नावाची ती आद्याक्षरे आहेत. नोकरी गेली तरी त्याच कंपनीचा आरोग्य विमा साधारणपणे अठरा महिने चालू ठेवता येतो, मात्र पूर्ण हप्ता आपण भरायचा, आणि वर दोन टक्के व्यवस्थापन खर्च. नोकरीत असताना आपल्या पगारातून कापला जातो तो तुकडा असतो, खरी किंमत कोब्राच्या पत्रात पहिल्यांदा कळते. आमची महिन्याला ६४० डॉलर होती. घरभाडे १,९०० आणि उत्पन्न शून्य. हे म्हणाले, "तीन महिने काही होत नाही कोणाला. देव आहे." मी मान हलवली.

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी रात्री चार वर्षांच्या मुलाला दम्याचा जोराचा झटका आला. ओठ निळसर झाले होते. आम्ही त्याला ब्लँकेटमध्ये गुंडाळून इमर्जन्सीत नेले. पहाटेपर्यंत तो सावरला, पण त्याला दोन दिवस ठेवून घेतले. कागद भरताना काउंटरवरच्या बाईंनी विमा कोणता ते विचारले. मी म्हटले, नाही. त्यांनी नोकरी कधी गेली ते विचारले आणि म्हणाल्या, "कोब्राची मुदत अजून गेली नसेल. घरी जाऊन पत्र शोधा."

रविवारी संध्याकाळी मी घरी आले, दिवा लावला, आणि देव्हारा भिंतीपासून ओढला. मागून बावीस पाकिटे निघाली. कोब्राचे सतरावे होते. विमा ३१ ऑक्टोबरला संपला होता, आणि तो पुढे चालू ठेवायचा की नाही हे कळवायला साठ दिवस असतात. तीस डिसेंबरपर्यंत वेळ होता. वेळेत होकार कळवून हप्ते भरले की विमा मागच्या तारखेपासून, म्हणजे खंड न पडता, लागू होतो. सोमवारी आम्ही फॉर्म पाठवला, नोव्हेंबर आणि डिसेंबर मिळून १,२८० डॉलर भरले. दवाखान्याचे बिल अकरा हजारांच्या वर होते. ते विम्याकडे गेले आणि आमच्या वाट्याला थोडेच आले.

हे आजही म्हणतात की देवाने वाचवले. मी म्हणते, अमेरिकेच्या काँग्रेसने आणि काउंटरवरच्या त्या बाईंनी वाचवले. हा वाद वीस वर्षांहून जुना आहे आणि मिटवायची आम्हाला दोघांनाही घाई नाही. पण एका बाबतीत आमचे एकमत आहे. पाकीट तीन आठवडे आणखी मागे राहिले असते, तर मुदत निघून गेली असती.

आता अभ्यासाकडे वळू. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी वडिलांची एल.आय.सी.ची पॉलिसी असायची. १ सप्टेंबर १९५६ रोजी स्थापन झालेल्या ह्या महामंडळाच्या चिन्हात ज्योतीभोवती दोन हातांचा आडोसा आहे, आणि बोधवाक्य गीतेच्या नवव्या अध्यायातल्या बाविसाव्या श्लोकातले आहे. अनन्य भावाने भजणाऱ्यांचा योगक्षेम भगवंत स्वतः वाहतो, असे आश्वासन तिथे आहे. शंकराचार्यांनी भाष्यात ह्या जोडशब्दाची फोड केली आहे. योग म्हणजे जे नाही ते मिळणे, आणि क्षेम म्हणजे जे मिळाले ते राखणे. हिशेब ठेवणाऱ्या बाईला ही फोड फार आवडते. पगार हा योग, विमा आणि शिल्लक हे क्षेम. आपण बहुतेक सगळी प्रार्थना योगासाठी करतो, क्षेमाचा कागद फोडत नाही. आणि एक गंमत पहा, त्या बोधवाक्याखाली बसलेले महामंडळसुद्धा हप्ता भरल्याशिवाय कोणाचा योगक्षेम वाहत नाही.

बैठकीत कोणीतरी मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची आठवण काढली. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारे लोकांसाठी उघडली आणि बेदरच्या बादशहाकडे धान्याची रक्कम विठ्ठलाने स्वतः जाऊन भरली, ही कथा आपण सगळे ऐकत आलो. त्यावर आमच्या गटातले एक निवृत्त काका म्हणाले, "पण विठ्ठलाने दामाजीपंतांचे स्वतःचे कर्ज फेडले नाही हो. भुकेल्यांना दिलेले फेडले." हे मी आधी कधी लक्षात घेतले नव्हते.

मला स्वतःला ह्या विषयावर सर्वांत जास्त शिकवले ते पंडिता रमाबाईंच्या चरित्राने. त्यांची आठवण इथे काढायला आणखी एक निमित्त आहे. १८८६ मध्ये त्या डॉ. आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला आल्या, अमेरिकाभर हिंडल्या, आणि १८८८ मध्ये परत निघाल्या त्या आपल्या शेजारच्या सॅन फ्रान्सिस्कोहून, जपानमार्गे. अमेरिकेवर मराठीत त्यांनी लिहिलेले प्रवासवृत्त १८८९ सालचे आहे. त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यामुळे आपल्या अनेक घरांत त्यांचे नाव थोडे हात राखूनच घेतले जाई. माझ्या आजोळीही तसेच होते. पण पैशाची अनिश्चितता आणि देवावरचा भरवसा ह्या दोन्ही गोष्टी एकाच आयुष्यात त्यांच्याइतक्या जवळून पाहिलेली दुसरी मराठी व्यक्ती मला पटकन आठवत नाही.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना लोकांचा रोष सोसावा लागला. हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणे सांगत हिंडत असे. १९०७ मध्ये रमाबाईंनी इंग्रजीत जी आत्मकथा छापली, तिच्यात त्या सांगतात की जवळचे पैसे दानदक्षिणेत आणि व्रतवैकल्यांत गेले, देव भरभरून परत देईल ह्या विश्वासाने. मग मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. दागिने विकले, भांडी विकली, पानेफळे खाऊन दिवस काढले. १८७४ च्या सुमारास काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि बहीण गेली. उरले रमाबाई आणि त्यांचे भाऊ. पुराण सांगण्याखेरीज पोट भरण्याचे दुसरे कसब कोणालाच शिकवलेले नव्हते, ही खंत त्या लिखाणात आहे. हे त्यांनी धर्मांतरानंतर लिहिले आहे, तेव्हा त्या नजरेचा रंग त्यात असणार, हे धरूनच वाचावे. पण भूक खरी होती आणि तीन मृत्यूही.

त्याच मुलीने पुढे काय केले ते पहा. १८८७ मध्ये बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षे पैसे पुरवायचे ठरले. मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले, पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. दहा वर्षांची मदत म्हणजे आजच्या भाषेत दहा वर्षांचे काँट्रॅक्ट. दुसरा कोणी म्हणाला असता, दहा वर्षांनी देव बघेल. रमाबाई म्हणत होत्या की देव बघेलच, आणि त्याच वेळी मुदत संपायच्या आधी त्यांनी पुण्याजवळ केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडे लावली. बागेचे उत्पन्न सुरू झाले की अमेरिकेचा पैसा आटला तरी मुली उपाशी राहणार नाहीत, हा त्यामागचा हिशेब होता.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचा काळ होता, शहरात ठेवणे शक्य नव्हते. पण केडगावला जमीन होती, पाणी होते. तिथे मुक्ती सदन उभे राहिले. १८९८ मध्ये दहा वर्षांची मुदत सरली तेव्हा त्या पुन्हा अमेरिकेत आल्या, मदत चालू राहील अशी व्यवस्था केली, आणि परत गेल्या. १९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथल्या मुली-बायकांची संख्या हजारावर गेली. तिथे विणकाम, शेती, छपाई असे उद्योग शिकवले जात. वडिलांच्या घरात जे कसब कोणाला नव्हते ते इथे प्रत्येकीच्या हातात दिले जात होते. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. केडगावची संस्था आजही आहे.

मला ह्यात दिसते ते असे. वडिलांचा विश्वास मुलीपेक्षा कमी होता असे म्हणायला मी तयार नाही, कदाचित जास्तच असेल. पण भुकेल्या मुलीने पुढे विश्वास ठेवताना विहीर खणली. उद्याच्या पैशाबद्दल तीही देवाच्याच हवाल्यावर होती, कित्येकदा कोठीत उद्याचे धान्य आहे की नाही ह्याचा भरवसा नसताना तिने माणसे आत घेतली. फक्त जे आज तिच्या हातात होते ते तिने देवावर ढकलले नाही. आपल्याकडे "असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी" ही म्हण चेष्टेने वापरतात, आणि ती चेष्टा भाविक माणसांनीच केली आहे.

आता विहिरीची गोष्ट, म्हणजे आपल्या कागदांची. नियम बदलत असतात, म्हणून आपल्या वेळी पुन्हा तपासून घ्यावेत. मी इथे ठळक तेवढे सांगते.

सर्वांत निकडीचा प्रश्न एच-१बी वाल्यांचा. २००१ मध्ये नोकरी गेली की सवलतीचे दिवसच नव्हते. १७ जानेवारी २०१७ पासून कमाल साठ दिवसांची मुभा आहे, किंवा व्हिसाच्या मान्यतेची मुदत आधी संपत असेल तर तोपर्यंत. कुटुंबालाही तीच लागू. हे साठ दिवस नोकरी संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजतात, शेवटचा पगारी दिवस पाहून. नंतर एकरकमी मिळणाऱ्या पैशामुळे ते लांबतील असे धरून बसू नका. त्या आत नव्या मालकाचा अर्ज दाखल व्हावा लागतो, किंवा दुसऱ्या दर्जासाठी अर्ज करावा लागतो, नाहीतर निघावे लागते. मुदतीपूर्वी कामावरून काढल्यास परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च मालकाने द्यायचा असतो, पण फक्त नोकरदाराचा, बायकामुलांचा नव्हे. पहिल्या आठवड्यात वकिलाला दिलेले दोनशे-तीनशे डॉलर मला कोणत्याही अनुष्ठानापेक्षा आधी द्यावेसे वाटतात. (फोनवरून "नोकरीसाठी खास यज्ञ" करून देणारे एक गृहस्थ २००२ मध्ये आमच्याकडेही ११०० डॉलर मागत होते. हे जवळजवळ तयार झाले होते. त्या वेळी घरात शांतता नव्हती, एवढेच सांगते.)

आरोग्य विम्यासाठी आता कोब्राखेरीज कव्हर्ड कॅलिफोर्निया आहे. तिथले विमे २०१४ पासून सुरू झाले. नोकरीचा विमा गेल्यापासून साठ दिवसांत तिथे नाव घालता येते. मात्र तो पुढच्या तारखेपासून लागू होतो, कोब्रासारखा मागे जात नाही. उत्पन्न फारच खाली आले तर मेडी-कॅलसाठी वर्षभरात केव्हाही अर्ज करता येतो, पात्रता इमिग्रेशनच्या दर्जावरही ठरते. घरात दमा, मधुमेह, गरोदरपण असे काही असेल तर पहिल्याच आठवड्यात दोन्हींचे भाव समोरासमोर लिहून काढा. औषधे संपत आली असतील तर जुना विमा चालू असतानाच भरून घ्या. अनेक ठिकाणी तो महिनाअखेरपर्यंत चालतो.

बेकारी भत्त्याचा अर्ज राज्याच्या ई.डी.डी. खात्याकडे करायचा. कॅलिफोर्नियात आठवड्याला जास्तीत जास्त ४५० डॉलर, साधारण सव्वीस आठवड्यांपर्यंत. ही मर्यादा २००५ पासून वाढलेली नाही, आणि सनीव्हेलच्या भाड्याकडे पाहून हसू येते. तरी तो घ्यावा. ती भीक नव्हे, त्यासाठी मालकाने कर भरलेला असतो. एच-१बी वाल्यांची पात्रता गुंतागुंतीची असते, म्हणून अर्जाआधी वकिलाला विचारा. ४०१(के) ला मात्र शक्यतो हात लावू नका. सर्वसाधारणपणे साडेएकोणसाठ वर्षांच्या आत काढल्यास नेहमीच्या आयकराशिवाय केंद्राचे दहा टक्के आणि कॅलिफोर्नियाचे अडीच टक्के जादा जातात.

शिल्लक किती असावी? पुस्तके तीन ते सहा महिन्यांचा खर्च सांगतात. व्हिसावर असलेल्यांना मी सहाच सांगते, आणि वर सगळ्यांच्या एकेरी तिकिटांचे पैसे. ती शिल्लक बँकेत असावी, भिशीत नको. भिशी ही प्रेमाची गोष्ट आहे, माझीही आहे, पण तिला सरकारी हमी नसते. बँकेतल्या ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत, अडीच लाख डॉलरपर्यंत हमी असते. १० मार्च २०२३ रोजी आपल्या शेजारच्या सांता क्लारातली सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली. सगळ्या ठेवी सुरक्षित आहेत हे रविवारी संध्याकाळी जाहीर होईपर्यंत किती घरांत पगाराची चिंता होती, ते आठवत असेलच.

आणि एक गोष्ट जी आपली माणसे करत नाहीत. सनीव्हेल कम्युनिटी सर्व्हिसेस ही संस्था १९७० पासून गावातल्या अडलेल्या कुटुंबांना धान्य आणि भाड्याची मदत देते. २००१ मध्ये मला कोणीतरी तिचे नाव सांगितले होते. मी गेले नाही. "आपण का तिथे जायचं?" असे वाटले. आज मी तिथे धान्याच्या पिशव्या भरायला जाते आणि रांगेत कधीतरी आपल्याकडचा चेहरा दिसतो. तो मान खाली घालतो, मीही दुसरीकडे पाहते. दामाजीपंतांच्या कोठाराशी रांगेत उभे राहिलेल्यांना कोणी कमीपणा दिल्याचे कुठे ऐकले नाही, मग इथेच आपल्याला काय होते?

हे शेवटी जून २००२ मध्ये कामाला लागले, कमी पगारावर. त्याआधी जानेवारीतच मी एका टॅक्स भरून देणाऱ्या ऑफिसात जायला लागले होते. माझे वर्क परमिट वर्षभर ड्रॉवरमध्ये पडून होते. तेही एक पाकीटच म्हणायचे. सासूबाईंना फोनवर सांगितले तर म्हणाल्या, "बघ, दिलाच की नाही चारा?" मी म्हटले, "दिला, पण मला सकाळी साडेसातला बस पकडावी लागते." त्या खूप हसल्या. मिनिटाला पैसे पडत असूनही.

बैठकीनंतरच्या शनिवारी ती मुलगी आणि तिचा नवरा घरी आले. येताना किराण्याच्या कागदी पिशवीत न फोडलेली पाकिटे घेऊन आली होती. त्यांच्याकडे ती देव्हाऱ्यामागे नव्हती, मायक्रोवेव्हवर होती. अकरा निघाली. मी सुरी दिली, ह्यांनी चहा टाकला. साठांपैकी एकोणीस दिवस गेले होते. दोन पत्रे कामाची होती, एक कोब्राचे आणि एक जुन्या कंपनीकडून राहिलेल्या रजेच्या पैशांचे, चेकसकट. सहा जाहिराती. दोन बिले. आणि एक आपल्याच मंडळाचे दिवाळीच्या कार्यक्रमाचे निमंत्रण, गेल्या वर्षीचे.